मेहताजी लोकलमध्ये भेटतात: एका पटकथेतल्या योगायोगाची दुरुस्ती

पार्श्वभूमी

ठाण्यातल्या एका लेखिकेच्या पूर्ण लांबीच्या मराठी पटकथेचं हे प्रकरण. माणसांची नावं गाळली आहेत, पात्रांनाही त्यांच्या नात्यानंच संबोधलं आहे. दिग्दर्शक ऐरोलीचा होता. निर्मात्यानं वन-लाइन (गोष्टीची थोडक्यात रूपरेषा) ऐकून होकार दिला होता आणि संहिता सल्लागार दुसऱ्या ड्राफ्टच्या आधी कामात आला.

गोष्ट थोडक्यात अशी. नौपाड्यातल्या जुन्या पागडीच्या इमारतीत पन्नाशीची विधवा नायिका घरगुती डबे करते. इमारत पुनर्विकासाला जाते. खोलीची भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, आणि सासरे वारले तेव्हा त्यांच्यासोबत मीच राहत होतो असा दावा दीर करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला महत्त्व आहे, त्यामुळे वाद कपोलकल्पित नाही. रेशनकार्डावर दोन्ही भावांची नावं, म्हणजे तो कागद निरुपयोगी. उरतात मालकाच्या वतीनं भाडं गोळा करणारे मेहताजी आणि त्यांच्या जुन्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती, म्हणजे पुस्तकातच राहणाऱ्या नकला. पावतीवर 'हस्ते' म्हणून भाडं आणून देणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं आणि ते नाव नायिकेचं आहे. पण मेहताजी नोकरी सोडून कुठे गेले, हे कोणालाच ठाऊक नाही.

पहिला ड्राफ्ट ११८ पानांचा होता. एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, या हिशेबानं दोन तासांचा सिनेमा.

अडचण

पान ९७ वर नायिकेचे सगळे मार्ग बंद होतात. ती वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, कांदे-बटाटे घेऊन ठाण्याची लोकल पकडते. शेजारी बसलेला म्हातारा तिच्या पिशवीवर डब्यांच्या व्यवसायाचं नाव वाचतो आणि विचारतो, "तुम्ही नौपाड्याच्या त्या इमारतीतल्या ना?" तेच मेहताजी. कोपरखैरण्याला मुलाकडे राहतात, पावतीपुस्तकं माळ्यावर आहेत. पान १०१ वर पुस्तक हातात, पान १०४ वर दीर गप्प.

वाचणाऱ्यांनी एकच शेरा मारला: "आयत्या वेळी देव धावून आला." शेरा बरोबर होता, पण त्यावरून दुरुस्ती कुठे करायची ते कळत नाही. सल्लागारानं योगायोगाचे पदर सुटे केले तेव्हा चार वेगवेगळे दोष दिसले.

पहिला दोष दिशेचा. योगायोगानं पात्र अडचणीत सापडलं तर प्रेक्षक काहीच म्हणत नाही, कारण गोष्ट सुरूच तिथून होते. त्याच योगायोगानं पात्र सुटलं, तर आधीची शंभर पानं कशासाठी पाहिली असं त्याला वाटतं. दुसरा दोष वेळेचा. पहिल्या दहा पानांत प्रेक्षक त्या जगाचे नियम शिकत असतो, त्यामुळे काहीही मान्य करतो. शेवटच्या चतुर्थांशात त्याला नियम पाठ झालेले असतात. तिसरा दोष सगळ्यात घातक: मेहताजी भेटावेत म्हणून नायिकेनं काय केलं? ती गाडीत बसली. एवढंच.

चौथा दोष स्थळाचा, आणि तो फक्त इथल्याच वाचकाच्या लक्षात येईल. घणसोलीच्या एका वाचक बाईंनी विचारलं, हातात दोन जड पिशव्या असलेली बाई संध्याकाळी लेडीज डब्यात चढेल की जनरलमध्ये? आणि लेडीजमध्ये चढली तर मेहताजी शेजारी कसे? दुसरा प्रश्न नौपाड्यातूनच आला. जांभळी नाक्याची मंडई चालत जाण्याइतकी जवळ असताना वीस-पंचवीस डब्यांच्या भाजीसाठी ही बाई एपीएमसीपर्यंत का जाते? तिथे माल गोणीनं निघतो, पिशवीनं नाही. म्हणजे एक योगायोग उभा राहावा म्हणून पात्राच्या रोजच्या व्यवहारातल्या दोन गोष्टी खोट्या पाडल्या होत्या. बेतलेला योगायोग ओळखण्याची ही फार चांगली खूण आहे: तो एकटा येत नाही, त्याला उभं करायला आधीची खरी तपशीलवार माणसं वाकवावी लागतात.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वात स्वस्त पर्याय म्हणजे पात्राच्याच तोंडून कबुली देणं. मेहताजींनी म्हणायचं, "काय योगायोग बघा, आज मी नेहमीची गाडी चुकवली." फार्समध्ये हे चालतं, कारण तिथे योगायोग हेच इंजिन असतं आणि प्रेक्षक तिकीट काढतानाच ते मान्य करतो. हक्काच्या खोलीसाठी झगडणाऱ्या बाईच्या गोष्टीत अशा वाक्यानं दोष झाकला जात नाही, अधोरेखित होतो. हा पर्याय लगेच बाद झाला.

भेट सुरुवातीला नेणं हा दुसरा. पण पान दहावर पावतीपुस्तक सापडलं तर पुढे प्रश्नच उरत नाही.

तिसरा पर्याय मेहताजींना गोष्टीत आधी 'पेरण्याचा', म्हणजे प्लांट करण्याचा. चौथा, मेहताजींची मदतच काढून टाकून नायिकेच्या स्वतःच्या एखाद्या गोष्टीतून उत्तर काढण्याचा. पाचवा, योगायोग ठेवायचा पण तो दिराच्या पदरात टाकायचा.

इथे दिग्दर्शकानं एक आक्षेप घेतला आणि चर्चा खऱ्या अर्थानं त्यातून पुढे सरकली. त्याचं म्हणणं होतं, शाकुंतलात कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडतेच की. तो तर आपल्या लोकलपेक्षा मोठा योगायोग, आणि तरी कोणी नाक मुरडत नाही.

आक्षेप रास्त होता. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही आणि शापही नाही. दोन्ही कालिदासानं आणले, म्हणजे हा योगायोग त्यानं जाणूनबुजून बांधलेला आहे. बांधणी पाहण्यासारखी आहे. चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप येतो आणि ओळखीचा दागिना दिसला की शाप सुटेल हा उ:शापही तिथेच मिळतो. निरोपाच्या वेळी सख्या अंगठी दाखवायला सांगतात, पण कारण सांगत नाहीत. पाचव्या अंकात भर दरबारात शकुंतला बोट चाचपते, बोट रिकामं. शक्रावताराला शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना ती पडली असावी, असं गौतमी म्हणते. सहाव्या अंकाच्या प्रवेशकात, म्हणजे अंकाआधीच्या छोट्या जोडदृश्यात, अंगठी विकताना पकडलेला कोळी आपण शक्रावताराचाच राहणारा असल्याचं सांगतो. अंगठीचं मोल, तिचं हरवणं आणि हरवण्याची जागा, सगळं आधी येऊन गेलेलं आहे. माशाच्या पोटाचा भाग तेवढा दैवावर सोडला आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अंगठी सापडल्यावर दुष्यंताला शकुंतला मिळत नाही. आठवण मिळते, आणि तिच्यासोबत पश्चात्ताप. भेट व्हायला सातवा अंक आणि मारीचाचा आश्रम लागतो. या योगायोगानं नायकाचं दुःख आधी वाढवलं. लोकलमधल्या मेहताजींनी नायिकेचं दुःख चार पानांत संपवलं होतं. दोन योगायोगांतला फरक आकाराचा नव्हताच.

पहिली दुरुस्ती

एवढी चर्चा होऊनही लेखिकेनं तिसरा पर्याय घेतला. निर्मात्याला नॅरेशन द्यायचं, म्हणजे पटकथा ऐकवायची होती आणि तीन सीन घालून काम भागत होतं. पान ९ वर भिंतीवरच्या जुन्या समूहफोटोत मेहताजी. पान २७ वर शेजारीण म्हणते, "मेहताजींकडे सगळ्या पावत्यांच्या स्थळप्रती असायच्या. नवी मुंबईत कुठेतरी मुलाकडे असतात म्हणे." पान ५१ वर लोकलच्या खिडकीत छत्री घेऊन बसलेला एक म्हातारा, ज्याच्याकडे नायिका नुसतं बघते.

हा ड्राफ्ट सहा नव्या वाचकांना दिला. सोबत सूचना एवढीच की पान ६० वर थांबून पुढे काय होईल ते दोन ओळींत लिहा. चौघांनी लिहिलं: मेहताजी ट्रेनमध्ये भेटणार. आता योगायोग तर तसाच राहिला होता, शिवाय तो आधीच फुटला होता.

बिघडलं ते दोन गोष्टींच्या गल्लतीमुळे. पूर्वसूचना आणि प्लांट हे एकाच वेळी वापरले जातात म्हणून एकच वाटतात. पूर्वसूचना प्रेक्षकाच्या मनात अपेक्षा किंवा धास्ती तयार करते. प्लांट पात्राच्या हातात साधन देतो. पान ५१ वरचा छत्रीवाला पूर्वसूचना होता, पण त्यानं नायिकेच्या हातात काहीच दिलं नाही. शेजारणीचं वाक्य माहिती देत होतं, आणि ती माहिती मिळूनही नायिका पुढची सत्तर पानं मेहताजींना शोधायला जात नव्हती, म्हणजे उलट ती निष्काळजी दिसू लागली. मेहताजी आधी दाखवले होते. ते त्या दिवशी, त्या गाडीत, तिच्या शेजारी का आहेत याचं कारण मात्र अजूनही नव्हतं.

तिन्ही सीनमध्ये आणखी एक सारखेपणा होता. त्यांना स्वतःचं काही काम नव्हतं. शेजारीण ते वाक्य बोलते कारण पान ९७ ला ते हवं आहे. मराठी प्रेक्षक मालिका पाहून चांगला तयार झालेला आहे. बिनकामाचं वाक्य ऐकू आलं की ते पुढे कामाला येणार, हे तो लगेच ताडतो.

दुसरी दुरुस्ती

सल्लागारानं मेहताजींना बाजूला ठेवून वेगळाच प्रश्न टाकला: दिराकडे नाही आणि नायिकेकडेच आहे, असं काय? लेखिकेनं पात्राची टिपणं काढली. डबेवाल्या बाईचा सगळा धंदा उधारीवर, आणि उधारी वहीवर. वही पहिल्या ड्राफ्टमध्येही होती, पण फक्त टेबलावर पडलेली.

पान १४ वर तिला एक सीन मिळाला. चरईत भाड्यानं राहणारा बँकेतला तरुण बिलावरून हुज्जत घालतो.

तरुण: काकू, चार दिवस मी गावी होतो. चार डबे कमी करा.
नायिका: (वही उघडत) कधी गेला होतात?
तरुण: गणपतीला.
नायिका: गणपतीचे चार कापलेत, हे बघा. तुम्ही म्हणताय ते त्याच्या पुढच्या आठवड्याचे. सोमवारी डबा रिकामा परत आलाय.
तरुण: रूममेटनं खाल्ला असेल.
नायिका: मग पैसे त्याच्याकडून घ्या. मी माणसं मोजून पोळ्या करत नाही, डबे मोजून करते.

सीन हशा मिळवतो, नायिकेचा स्वभाव सांगतो आणि संपतो. मेहताजींचा उल्लेख नाही. जुन्या वह्या ती कुठे ठेवते तेही सांगितलेलं नाही. ती वही पत्र्याच्या ट्रंकेत टाकते आणि झाकण बसत नाही म्हणून वर गुडघा टेकते, एवढंच दिसतं.

पान ३८ वर इमारत रिकामी करण्याच्या गडबडीत मुलगी जुन्या वह्या रद्दीत घालते. भांडण होतं ते वह्यांवरून नाहीच. आईचं घर सोडायचं मन नाही आणि मुलीला दोन खोल्यांचा फ्लॅट दिसतोय, त्यावरून होतं. निम्म्या वह्या रद्दीवाल्याकडे जातात. इथे प्लांटला किंमत चिकटली: साधन आहे, पण अर्धंच.

मध्यंतराच्या आसपास पाचवा पर्याय कामाला आला. वाशीतल्या एका लग्नात दिराला मेहताजी भेटतात. हा अजूनही योगायोग आहे, पण तो नायिकेच्या मुळावर येतो आणि स्थळ त्याला साजेसं आहे. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये वीस वर्षांत न भेटलेला माणूस बासुंदीच्या वाटीसकट समोर येतो, त्याचं कोणालाही नवल वाटत नाही. दीर त्यांच्या पाया पडतो, जुन्या ओळखीची भीड घालतो आणि 'भाडं धाकटे चिरंजीव आणून देत' अशा मजकुरावर सही घेतो. पावतीपुस्तकंही घेऊन जातो. ज्या माणसावर नायिकेची मदार असू शकली असती तोच आता विरुद्ध बाजूचा साक्षीदार झाला.

पान ९० वर नायिका उरलेल्या वह्या उपसते. मार्च २००१ च्या पानावर तिच्या अक्षरात नोंद आहे: 'मेहताजी, डब्याचे ४५०. पैकी भाड्यात वळते ७२. रोख मिळाले ३७८.' पत्नी गेल्यानंतर मेहताजी काही महिने तिच्याकडूनच डबा घेत होते आणि भाडं डब्याच्या बिलातून परस्पर वळतं होत होतं. सासरे त्याच वर्षी वारले. त्याच्या खाली शेवटची नोंद: 'मेहताजींचा डबा बंद. कोपरखैरणे, मुलाकडे.' पूर्ण पत्ता नाही, शेजारी सेक्टरचा नंबर तेवढा आहे.

आता ती ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून गाडी पकडते, लेडीज डब्यात बसते आणि कोपरखैरण्याला उतरते, कारण तिला तिथेच जायचं आहे. गाडीत कोणी भेटत नाही. मेहताजींचं दार उघडल्यावरही प्रश्न सुटत नाही, कारण त्यांनी आधीच खोटी सही केलेली आहे. ती वही त्यांच्या हातात देते. "तुम्हीच वाचा. मी वाचलं तर म्हणाल, बाई काहीही सांगते." क्लायमॅक्स पुस्तक सापडण्यावरून हलून एका म्हाताऱ्याच्या निर्णयावर आला: दिराला दिलेला शब्द मोडायचा की स्वतःच्या हिशेबाला खोटं पाडायचं.

प्रत्येक प्लांटवर दोन चाचण्या घेतल्या. क्लायमॅक्स झाकून पान १४ चा सीन वाचला, तो उभा राहिला. मग पान १४ चा सीन काढून क्लायमॅक्स वाचला, तेव्हा वही आभाळातून पडल्यासारखी वाटली. दोन्ही उत्तरं हवी तशी. पहिल्या दुरुस्तीतला फोटो पहिल्याच चाचणीत गळाला असता.

या बदलाची झळ बाकीच्या पटकथेलाही बसली. मूळ ड्राफ्टमध्ये नायिका नवरा गेल्यावर, २००९ मध्ये डबे सुरू करते. आता ते २००१ च्या आधी सुरू असणं भाग होतं. म्हणजे ती गरजेपोटी उभी राहिलेली विधवा उरली नाही, नवरा असतानाच स्वतःचा धंदा करणारी बाई झाली. "दादा गेल्यावर वहिनींवर काय वेळ आली" छापाचे संवाद सात-आठ ठिकाणी बदलावे लागले. त्यात पात्र सुधारलं, हे खरं. पण साधन बदललं की पात्राचा इतिहास बदलतो, आणि हे काम दुरुस्तीच्या अंदाजात कोणीच धरलं नव्हतं.

निष्पत्ती

एपीएमसीचा सगळा भाग गेल्यानं पटकथा ११८ वरून १११ पानांवर आली. पान ६० ची तीच चाचणी नव्या वाचकांवर घेतली. दीर मेहताजींना गाठणार हे काहींनी ओळखलं, पण वहीकडे बोट कोणी दाखवलं नाही. शेवटी वही उघडल्यावर मात्र बँकेतल्या तरुणाचा सीन सगळ्यांना आठवला. हवा होता तो क्रम हाच: आधी लक्षात राहावं, ओळखू येऊ नये.

लग्नातल्या भेटीवर एका वाचकाचा आक्षेप कायम राहिला. ती भेट तशीच ठेवली. दिरानं मेहताजींना पद्धतशीर शोधून काढलं असतं तर तो पक्का खलनायक झाला असता. अनपेक्षित संधी दिसल्यावर हात धुऊन घेणारा माणूस जास्त खरा आहे. निर्मात्यानं बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे चित्रीकरणासाठी पक्की केलेली संहिता, स्वीकारली.

काय वेगळं करता आलं असतं

वन-लाइनच्या टप्प्यावरच 'नायिका मेहताजींना भेटते' या वाक्यातलं क्रियापद तपासायला हवं होतं. भेटते, कळतं, सापडतं, कानावर पडतं, ही क्रियापदं शेवटच्या भागात आली की तिथे पात्र काही करत नसतं. शोधते, ओळखते, विचारते, नाकारते अशी क्रियापदं बसतात का, हे कार्डावर दहा मिनिटांत कळलं असतं.

कायद्याची माहिती दुसऱ्या ड्राफ्टनंतर घेतली, ती आधी घ्यायला हवी होती. एखाद्या भाडेपावतीनं वाद मिटत नाही, त्या काळात तिथे कोण राहत होतं याच्या पुराव्यातली ती एक कडी असते, हे वकिलाकडून आधी कळलं असतं तर पावतीपुस्तकाभोवती क्लायमॅक्स रचलाच गेला नसता. रद्दीचा धागाही अर्धवट राहिला आहे. गेलेल्या वह्यांत काय होतं हे नायिकेला कळत नाही आणि मुलीला त्याची टोचणी लागायला पान ७० च्या आसपास जागा होती.

यापुढचा धोका चित्रीकरण आणि संकलनात आहे. पान १४ चा सीन विनोदी आणि सुटा वाटतो, त्यामुळे लांबी कमी करताना पहिली कात्री त्यालाच लागते. म्हणून संहितेत त्या सीनसमोर 'सीन ८४ याच्यावर उभा आहे' अशी टीप घातली आहे. ट्रंकेत वही टाकतानाचा शॉट मध्यम अंतरावरूनच घ्यायचा, क्लोजअप नाही. वहीवर कॅमेरा दोन सेकंद जास्त रेंगाळला तरी कागदावर लपवलेलं सगळं उघडं पडतं. आणि कलादिग्दर्शनाला लाल कापडी बांधणीच्या वह्या एकाच बनावटीच्या पण वेगवेगळ्या वयाच्या लागतील: पान १४ ची नवी, २००१ ची कडा पिवळ्या पडलेली, दोन्हींत हस्ताक्षर एकाच व्यक्तीचं.